पाइप संपतो तिथे जबाबदारीही संपते का? मुक्ताईनगरच्या नाल्याकाठची माती, शेत आणि कब्रस्तान

उन्हाळा आला की खान्देशातल्या गावोगावी कामांची लगबग सुरू होते. कुठे गल्लीत काँक्रीटचा रस्ता होतो, कुठे गटारीत पाइप पडतात, कुठे शेतरस्त्यावर नळकांडी पूल उभा राहतो. नारळ फुटतो, फलक लागतो, फोटो निघतात. ही कामे गरजेचीच आहेत. दारापुढचा चिखल गेला, मुले कोरड्या पायांनी शाळेत आणि मदरशात जाऊ लागली, याचा आनंद आम्हालाही आहे.

पण प्रत्येक पाइपाला दोन टोके असतात. पाणी आत जाते ते टोक वस्तीत असते, म्हणून सगळ्यांना दिसते. पाणी बाहेर पडते ते टोक गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठावर असते. तिकडे फारसे कोणी जात नाही. दोन-तीन पावसाळ्यांनंतर जाऊन पाहिले तर पाइपाचे तोंड हवेत लटकलेले असते, खाली डोहासारखा खड्डा पडलेला असतो आणि समोरचा काठ कोसळलेला असतो. त्या काठावर कुणाचे केळीचे शेत असते, कुणाचे कच्चे घर असते आणि अनेक गावांत तिथेच आपले कब्रस्तान असते.

‘विकासाचा मुद्दा’ म्हणून याची चर्चा होत नाही. आमच्या मते व्हायला हवी. मुक्ताईनगर तालुक्यासारख्या भागात तर ती लवकर व्हायला हवी, कारण तिथली माती वाट पाहत नाही.

ही माती वेगळी आहे

जुने एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर तापी आणि पूर्णा या दोन नद्यांच्या कुशीत आहे. तापी मध्य प्रदेशातल्या मुलताईहून येते, पूर्णा विदर्भाचे सपाट मैदान ओलांडून येते आणि चांगदेवजवळ दोघींचा संगम होतो. हजारो वर्षे या नद्यांनी आणून टाकलेला गाळ इथे खोलवर साचला आहे. कोकणात किंवा सह्याद्रीच्या पट्ट्यात थोडे खणले की कातळ लागतो. तापी-पूर्णेच्या काठाला वर काळी माती, खाली पिवळसर बारीक गाळ, मध्ये चुनखडीचे खडे असे थर लागतात. खडक खूप खाली असतो.

या मातीनेच जळगाव जिल्ह्याला केळी दिली. रावेर, यावल आणि मुक्ताईनगरची केळी देशभर जाते, आणि 2016 मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण या मातीचा दुसरा गुण असा, की ती पाण्यात लवकर विरघळल्यासारखी सुटते. तापी-पूर्णेच्या काठाने दिसणाऱ्या खोल घळी बघा. उंच मातीच्या भिंती, मध्ये अरुंद ओहळ, वर टोकाला शेताचा बांध तुटून लोंबकळत असतो. चंबळच्या खोऱ्याची आठवण व्हावी असे दृश्य काही ठिकाणी आहे. या घळी निसर्गाने केल्या. पण नवीन घळ सुरू करायला आता निसर्गाची वाट पाहावी लागत नाही, एक पाइप पुरतो.

पाण्याचा हिशेब

जिल्ह्यात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा मोठा नाही. पण त्यातला मोठा हिस्सा मोजक्या दिवसांत, मोजक्या तासांत पडतो. एका हेक्टर वस्तीवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर पाच लाख लिटर पाणी पडते. अंगण मातीचे, रस्ता मातीचा, मध्ये झाडे असली तर त्यातले बरेच पाणी मुरते, उरलेले सावकाश वाहते. पत्रे, स्लॅब आणि काँक्रीट असले तर जवळजवळ सगळेच्या सगळे पाणी काही मिनिटांत गटारीत येते.

आता पाइपाचे बघू. गावरस्त्यावर 900 मिलिमीटर व्यासाचा सिमेंटचा पाइप नेहमीचा आहे. त्याला आपण ह्यूम पाइप म्हणतो. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर ह्यूम यांनी 1910 मध्ये हा पाइप बनवण्याची रीत शोधली, त्यांचे नाव त्याला कायमचे चिकटले. भारतात 1926 मध्ये वालचंद हिराचंद यांनी त्याचा कारखाना काढला. असा पाइप पूर्ण भरून सेकंदाला तीन मीटर वेगाने वाहिला, तर सेकंदाला सुमारे 1900 लिटर पाणी बाहेर फेकतो. दहा हजार लिटरचा टँकर पाच-साडेपाच सेकंदांत रिकामा केल्यासारखे ते आहे. आणि हे पाच सेकंदांपुरते नसते, पाऊस थांबेपर्यंत चालते.

अभियंत्यांच्या जुन्या कोष्टकांत प्रत्येक मातीला सोसेल असा वेग दिलेला आहे. गाळाच्या बारीक मातीला तो सेकंदाला साधारण 0.6 मीटर आहे. म्हणजे पाइपातून निघणारे पाणी या मातीला सोसेल त्याच्या पाचपट वेगाने तिच्यावर आदळते. वेग वाढला की पाण्याची ताकद सरळ पटीत वाढत नाही. वेग दुप्पट झाला तर पाणी 64 पट वजनाचा दगड ढकलू शकते, हा नदीशास्त्रातला जुना ठोकताळा आहे. दगडाची ही गत, तर पिवळ्या मातीचे काय होणार?

आणखी एक गोष्ट. मातीवरून आलेले पाणी गढूळ असते, त्याच्या अंगावर आधीच ओझे असते. काँक्रीटवरून आलेले पाणी त्या मानाने मोकळे असते. त्याला माती उचलायला जागा असते, आणि पहिली माती त्याला पाइपाच्या तोंडाशीच मिळते.

तोंडाशी नेमके काय घडते

हे एका झटक्यात होत नाही, पण आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप लवकर होते. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने मोऱ्यांच्या तोंडाशी पाण्याचा जोर कसा मोडावा यावर एक स्वतंत्र पुस्तिकाच काढली आहे. त्यात प्रयोगांचा निष्कर्ष दिला आहे, की खड्ड्याच्या एकूण खोलीपैकी दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश खोली पहिल्या अर्ध्या तासातच पडते. म्हणजे ‘अजून एक पावसाळा बघू, मग करू’ असे म्हणायला जागा नाही. एक ढगफुटीसारखा पाऊस पुरे.

पहिल्या पावसात पाइपाखाली खड्डा पडतो. पाणी त्या खड्ड्यात आपटून मागे वळते आणि पाइपाच्या खालची माती ओढून नेते. मग पाइपाचे शेवटचे तुकडे अधांतरी होतात. सांधा उघडतो. सांध्यातून पाणी पाइपाच्या बाहेरून वाहू लागते आणि भराव आतून पोकळ होतो. वरून रस्ता धड दिसतो, खाली पोकळी असते. एके दिवशी ट्रॅक्टर किंवा स्कूल व्हॅन जाताना रस्ता खचतो. तेव्हा म्हटले जाते, ‘पावसाने रस्ता वाहून गेला.’ पावसाने वरून काही केलेले नसते. रस्ता खालून, पाइपाच्या तोंडापासून मागे मागे खाल्ला गेलेला असतो.

दुसरीकडे पाइपासमोर काय होते? पाण्याचा झोत समोरच्या काठावर आदळतो. काठाचा पाया पोखरला जातो, वरची माती कडा होऊन उभी राहते आणि ओली झाली की ढासळते. एक घळ 50 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल झाली तर 300 घनमीटर माती गेली. आपल्या बोलीत सांगायचे तर शंभर ब्रासच्या वर. ट्रॅक्टरवाल्याला विचारा, शंभर ब्रास काळी माती विकत आणायची तर काय पडेल. आणि आणली तरी ती हजारो वर्षांत बसलेली माती नसते.

आताच का वाढले

पाइप पूर्वीही होते. मग आता त्रास का वाढला? तीन कारणे आम्हाला दिसतात.

पहिले, काँक्रीट. गल्लीगल्लीत रस्ते पक्के झाले, पण गटारीचा शेवट जिथे होता तिथेच राहिला. वरून येणारे पाणी वाढले, त्याचा वेग वाढला, शेवट मात्र मातीतच.

दुसरे, मोठे रस्ते. मुक्ताईनगरमधून जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 6, आताचा 53, चौपदरी झाला. उंच भराव आला. पूर्वी जे पाणी रुंद पट्ट्यात पसरून शेतांतून जायचे, ते आता भरावाला अडून मोजक्या मोऱ्यांपाशी गोळा होते आणि एका जागेवरून जोरात निघते. रस्ता हवाच. पण मोरीच्या खालच्या अंगाला ज्याचे शेत आहे, त्याच्या बांधावर दहा शेतांचे पाणी येऊन पडते.

तिसरे कारण ऐकून अनेकांना नवल वाटेल. नाला खोलीकरण. जलयुक्त शिवार अभियानात आणि त्यानंतर अनेक ठिकाणी जेसीबी लावून नाले खोल आणि रुंद केले गेले. पाणी साठावे हा हेतू चांगला. पण नाल्याचा तळ दीड-दोन मीटर खाली गेला की त्यात येऊन मिळणारे सगळे पाइप आणि ओहळ तितकेच वर राहतात. जे पाणी आधी नाल्याच्या पातळीला येऊन मिळत होते, ते आता धबधब्यासारखे पडते. मग प्रत्येक ओहळ स्वतःचा तळ खाली नेण्यासाठी मागे मागे खणत जातो, थेट शेतापर्यंत, थेट गावापर्यंत.

एकच माती, दोनदा खर्च

ही गेलेली माती कुठे जाते? मुक्ताईनगर तालुक्यात उत्तर सोपे आहे. नाल्यातून पूर्णेत किंवा तापीत आणि तिथून हतनूर धरणात. 1982 मध्ये पूर्ण झालेल्या, 41 दरवाजांच्या या धरणासाठी तालुक्यातली अनेक गावे उठली, नव्या जागी वसली. आज गाळाने या धरणाची साठवण क्षमता घटली आहे, ही जिल्ह्यातली जुनी चिंता आहे. शेतीचे सिंचन, भुसावळ परिसराचे पिण्याचे पाणी आणि उद्योगांचे पाणी या धरणावर अवलंबून आहे.

हतनूरचा गाळ फक्त गावच्या पाइपांमुळे आला, असे आम्ही म्हणत नाही. त्याचा मोठा वाटा वरच्या खोऱ्यातून, विशेषतः पूर्णेच्या पाण्यातून येतो. पण विसंगती बघा. राज्य सरकारने 2017 मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. धरणातला गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा, त्यासाठी पैसे खर्च करायचे. आणि त्याच वेळी, दुसऱ्या खात्याच्या कामातून, शेतातली माती पाइपाच्या तोंडून धरणाकडे पाठवायची. माती न्यायचा खर्च आपलाच आणि परत आणायचा खर्चही आपलाच.

धरणाच्या फुगवट्याचा आणखी एक परिणाम काठावरच्या गावांना माहीत आहे. पाणी भरलेले असते तेव्हा काठ ओला होऊन फुगतो. पाणी उतरते तेव्हा त्या ओल्या काठाला समोरून असलेला आधार जातो आणि दरड कोसळते. अशा काठावर वरून पाइपाचा झोत सोडला तर दोन्ही बाजूंनी मार बसतो.

कब्रस्तानचा प्रश्न

आता आपल्या समाजाला थेट भिडणाऱ्या गोष्टीकडे येऊ. कब्रस्तान बहुतेक गावांत वस्तीबाहेर, खालच्या अंगाला, नाल्याच्या किंवा नदीच्या काठी असते. जुन्या पिढ्यांनी जागा निवडली तेव्हा ती जागा शांत होती, नाला छोटा होता. आज गावाचे सगळे पाणी त्याच दिशेला काढले जाते, कारण उतार तिकडेच आहे. पाइप कब्रस्तानच्या शेजारी उघडतो. दर पावसाळ्यात एक-दोन फूट काठ जातो. काठाजवळच्या कबरी सर्वांत जुन्या असतात, त्यांच्या वारसांपैकी कोणी पुण्यात, कोणी सुरतेत, कोणी आखातात असतो. म्हणून ओरडणारेही कोणी नसते.

मय्यतची हुरमत जिवंत माणसाइतकीच जपायची, ही आपली शिकवण आहे. कबरीपर्यंत नाला पोहोचणे ही कुठल्याही कुटुंबाला हादरवणारी गोष्ट आहे. तशी वेळ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा काठ दहा फूट लांब असतानाच बोलणे शहाणपणाचे.

यात कागदाचाही प्रश्न आहे. वक्फ कायद्यात 2025 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर 6 जून 2025 रोजी ‘उम्मीद’ पोर्टल सुरू झाले आणि नोंदणीकृत वक्फ मालमत्तांची माहिती भरण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली गेली. मुतवल्ली आणि ट्रस्टींनी रात्रंदिवस धावपळ करून सातबारा, नकाशे, चतुःसीमा गोळा केल्या. कायद्याबद्दलचे आक्षेप आणि न्यायालयीन लढा हा वेगळा विषय आहे. आमचा मुद्दा साधा आहे. कागदावर 40 गुंठे लिहिले आणि नाल्याने पाच गुंठे खाल्ले, तर उरलेल्या 35 गुंठ्यांच्या हद्दी कोण दाखवणार? हद्दीचा दगड नाल्यात गेला, नाल्याने पात्र बदलले, शेजारच्याने आपले कुंपण पुढे सरकवले, की वाद सुरू होतो. सगळी कब्रस्ताने वक्फमध्ये नोंदलेली नाहीत, काही गावठाणात तर काही ग्रामपंचायतीच्या किंवा सरकारी जागेत आहेत. त्यांची अवस्था तर आणखी नाजूक, कारण तिथे हद्द म्हणजे अनेकदा फक्त लोकांची आठवण असते. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेणे, हद्दीचे दगड काठापासून आत रोवणे आणि दरवर्षी पावसाळ्याआधी व नंतर काठाचे तारखेसह फोटो काढून ठेवणे, ही कामे आजच करण्यासारखी आहेत.

आधी तोंड, मग भिंत

कब्रस्तानचा प्रश्न मांडला की लोकप्रतिनिधींकडून एक ठरलेले उत्तर येते: ‘संरक्षक भिंत देतो.’ निधी मिळतो, भिंत उभी राहते, दोन वर्षांनी तीच भिंत नाल्यात आडवी पडते. कारण भिंतीचा पाया उथळ असतो आणि पाइपाचा झोत तिच्या पायाशीच खणत असतो. मग पुन्हा निधी मागायला जायचे तर उत्तर मिळते, ‘तुम्हाला भिंत दिली होती ना?’

म्हणून क्रम बदलायला हवा. आधी पाइपाचे तोंड सांभाळा, मग भिंत बांधा. पाइपाचे तोंड सांभाळणे म्हणजे काय, हे कुणाही ट्रस्टीने समजून घ्यावे इतके सोपे आहे.

एक, पाइप काठावर अधांतरी सोडायचा नाही, तो नाल्याच्या तळाच्या पातळीपर्यंत न्यायचा किंवा पायऱ्या-पायऱ्यांनी पाणी खाली उतरवायचे. प्रत्येक पायरीवर पाण्याचा जोर मोडतो.

दोन, तोंडाशी दोन्ही बाजूंना पंखभिंती आणि खाली जमिनीत खोल गेलेली आडवी पायभिंत हवी. तिच्यामुळे पाणी मागे वळून पाइपाखालची माती ओढू शकत नाही.

तीन, तोंडापुढे दगडी पिचिंग हवे. ते दोन घमेली दगड टाकून होत नाही. वर उल्लेख केलेल्या पुस्तिकेत दगडी फरसाची लांबी पाइपाच्या व्यासाच्या 4 ते 8 पट धरली आहे. म्हणजे 900 मिलिमीटरच्या पाइपापुढे साडेतीन ते सात मीटर. दगड मोठे, टोकदार आणि एकमेकांत अडकणारे हवेत. पिवळ्या मातीवर तर दगडाखाली मुरूम-खडीचा थर किंवा गाळणीचे कापड हवेच, नाहीतर दगडांच्या फटींतून माती निघून जाते आणि दगड खड्ड्यात बसतात.

चार, पुढच्या काठाला जाळीत भरलेल्या दगडांचे गॅबियन आणि त्यावर वाळा, बांबू, करंज अशी मुळे धरणारी लागवड. अनघड दगडी बांध आणि गॅबियन बंधारे ही कामे रोजगार हमीतून महाराष्ट्राने वर्षानुवर्षे केली आहेत, त्यात नवे काही शिकायचे नाही.

पाच, पाइपाचे तोंड समोरच्या काठाकडे न ठेवता नाल्याच्या प्रवाहाच्या दिशेने वळवून द्यायचे. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या लहान पूल आणि मोऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत तळाची धूप आणि तिच्यापासूनच्या संरक्षणाचा विचार केलेला आहे. अभियंत्यांना हे शिकवलेले असते. मग काम का होत नाही? कारण अंदाजपत्रक पाइपाच्या मीटरवर बनते. किती मीटर पाइप, किती मीटर रस्ता, त्यावर बिल. पाइपाच्या पुढचे सात मीटर त्या कामाच्या नावात बसत नाहीत. पुढची जमीन दुसऱ्याची, नाला तिसऱ्या खात्याचा. नगर पंचायत म्हणते नाला आमचा नाही, पाटबंधारे म्हणते पाइप आमचा नाही, बांधकाम खाते म्हणते रस्ता पूर्ण झाला. नुकसान मात्र नेमके या तिघांच्या मधल्या जागेत होते.

दार कुठले ठोठवायचे

रडत बसण्यापेक्षा मार्ग बघू. ग्रामपंचायतीत असाल तर ग्रामसभेत आणि गावाच्या विकास आराखड्यात हा विषय लेखी नोंदवा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून सांडपाण्याची कामे झाली आहेत. पुढे जे काही अनुदान येईल त्यातल्या प्रत्येक गटार-कामात ‘तोंडाशी संरक्षण’ हा वेगळा मुद्दा लिहून घ्या. दफनभूमीच्या कामांसाठी जिल्हा परिषदेमार्फत जनसुविधा योजनेचा निधी असतो, तो जिल्हा नियोजन समितीतून येतो. अल्पसंख्याक बहुल गावांसाठी राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाचा क्षेत्रविकास कार्यक्रम आहे, त्यात कब्रस्तानची कामे बसतात. प्रस्ताव पाठवताना नुसते ‘संरक्षक भिंत’ असे लिहू नका. ‘पाइपाच्या तोंडाशी पायभिंत, दगडी पिचिंग आणि त्यानंतर संरक्षक भिंत’ असे लिहा.

काम आधीच झाले असेल तर माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांच्या अर्जावर, चार गोष्टी मागा: मंजूर अंदाजपत्रक, नकाशा, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि दोष दायित्व कालावधी किती आहे. अंदाजपत्रकात पिचिंग दाखवले आणि जागेवर नाही, असे निघाले तर तो वेगळाच विषय होतो. पिचिंग दाखवलेच नसेल तर पुढच्या कामासाठी तुमच्या हातात पुरावा येतो. दोष दायित्व कालावधी संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे.

आणि हे एकट्याने करू नका. पाइपाच्या खालच्या अंगाला फक्त आपले कब्रस्तान नसते. तिथे कुणाची स्मशानभूमी असते, कुणाचा गुरांचा गोठा असतो, कुणाचे तीन एकर केळीचे शेत असते. मुक्ताईच्या नावाच्या या तालुक्यात लेवा पाटील शेतकरी, तडवी बांधव, बागवान, दलित वस्ती सगळ्यांची माती एकाच नाल्याने जाते. निवेदनावर सगळ्यांच्या सह्या असल्या तर ते कुठल्या एका समाजाची मागणी म्हणून बाजूला टाकता येत नाही.

आपल्या घरचे पाणी

दुसऱ्याला प्रश्न विचारताना आपले दारही बघू. मस्जिदीच्या वजूखान्याचे पाणी रोज पाच वेळा वाहते, जुम्याला कितीतरी पट. अनेक ठिकाणी ते एका पाइपाने मागच्या उघड्या जागेत सोडलेले असते, आणि तिथे भिंतीच्या पायाशीच चर पडत असतो. हे पाणी साबण-तेलाचे नसते, साधे असते. त्याला शोषखड्डा किंवा झाडांचा वाफा पुरतो. वाहत्या नदीच्या काठीही वजूत पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण ज्या उम्मतला मिळाली, तिच्या मस्जिदीचे पाणी शेजाऱ्याचा बांध खात असेल तर ते शोभत नाही. स्वतःचे नुकसान नको आणि दुसऱ्याचेही नको, हा तर फिकहचा पायाभूत उसूल आहे.

घर पाडल्यावर निघणारा मलबा नाल्याच्या तोंडाशी ओतायची आपली सवयही महागात पडते. लोकांना वाटते खड्डा भरला. प्रत्यक्षात पाणी त्या ढिगाला वळसा घालते आणि शेजारचा काठ तोडते. कुर्बानीच्या दिवसांत प्लास्टिकच्या पिशव्या गटारीत गेल्या की पाइप तुंबतो, पाणी वरून उसळते आणि जिथे कधी गेले नव्हते तिथे जाते.

बऱ्हाणपूर फार लांब नाही

मुक्ताईनगरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर बऱ्हाणपूर आहे, खान्देशच्या फारुकी सुलतानांची जुनी राजधानी. तिथे 1615 मध्ये, अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात, इराणी जाणकार तबकुतुल अर्ज यांच्या देखरेखीखाली जमिनीखालून पाणी आणण्याची व्यवस्था बांधली गेली. कुंडी भंडारा म्हणून ती आजही पाहायला मिळते. सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी एकामागून एक कुंड्यांमधून, अगदी हलक्या उतारावर, पंपाशिवाय शहरापर्यंत आणले. त्या कामाचे गुपित एका वाक्यात सांगता येते: उतार इतका ठेवला की पाणी थांबत नाही आणि धावतही नाही.

चारशे वर्षांपूर्वी ज्या प्रदेशात पाण्याच्या चालीचा इतका बारीक विचार झाला, त्याच प्रदेशात आज आपण पाणी पाइपात घालतो आणि काठावरून फेकून देतो. पैसा आहे, यंत्रे आहेत, अभियंते आहेत. कमी आहे ती पाइपाच्या खालच्या टोकापर्यंत चालत जाण्याची.

येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक मस्जिद कमिटीने, कब्रस्तान ट्रस्टने आणि गावातल्या तरुणांनी एक जुम्याची दुपार या कामाला द्यावी. गावातून निघणारा प्रत्येक पाइप जिथे संपतो तिथपर्यंत चालत जा. तोंडाखाली खड्डा किती, काठ किती फुटांवर, पुढे काय आहे हे लिहून काढा, फोटो काढा आणि ती यादी ग्रामपंचायतीत किंवा नगर पंचायतीत पोच घेऊन द्या. उद्या नवीन कामाचा नारळ फुटेल तेव्हा एकच प्रश्न विचारा: ‘साहेब, पाइप संपल्यावर पुढचे सात मीटर कुणाचे?’

अल्लाह आपल्याला आपल्या जिवंतांची आणि आपल्या मरहूमांची जमीन सांभाळण्याची तौफिक देवो. आमीन.